पंपाला दाखवलेला धूप

पंप माझ्या ताब्यात आला त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आजपासून एका माणसाचा श्वास माझ्या हातात आहे." तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "माझा तर लग्न झाल्यापासूनच आहे." त्याला काय कळणार. मी इतकी खुशीत होते की भाजीत दोनदा मीठ घातलं होतं आणि त्याने ती निमूटपणे खाल्ली, एवढं मात्र मान्य करायला हवं.

आमचा कारखाना कुंभवलीच्या अंगाला, तारापूरच्या एमआयडीसीला लागून आहे. कारखाना म्हणजे एक मोठी शेड आणि पुढे मोकळं आवार. तिथे केमिकल कंपन्यांसाठी लोखंडी टाक्या बनतात आणि आतून रंगवल्या जातात. रंगवणारा माणूस टाकीच्या पायथ्याच्या दारातून आत जातो. त्याच्या डोक्यावर हूड असतो, खांद्यापर्यंत येणारी मोठी टोपी आणि तोंडासमोर काच. हूडला मागून लांब नळी जोडलेली असते आणि नळीचं दुसरं टोक बाहेर पंपाला. पंप बाहेरची स्वच्छ हवा ओढतो आणि नळीतून आत पाठवतो. टाकीत थिनरच्या वाफा कोंडलेल्या असतात, वरचा ब्लोअर त्या जमेल तेवढ्या उपसत असतो, पण हूडमधला माणूस श्वास घेतो तो बाहेर आवारातल्या हवेत. फक्त पंपाजवळ कोणीतरी सतत बसायला हवं. ते काम मला मिळालं.

मिळालं म्हणजे कोणाला नको होतं म्हणून मिळालं. मी तेव्हा स्टोअरमध्ये नटबोल्ट काढून द्यायचे. पंपाजवळ दिवसभर नुसतं बसायचं, हे काय पुरुषाचं काम आहे, असं शेडमधल्या एकूण एक पुरुषाचं मत होतं. मालक म्हणाले, "ताईंना द्या, त्या बसतील." बसतील म्हणे. तो शब्द माझ्या डोक्यात असा गेला की मी ठरवलं, या पंपाचं इतकं शिकायचं की पुन्हा कोणी बसण्याचं नाव काढता कामा नये.

पंपाच्या कंपनीतून एक माणूस एक दिवस शिकवायला आला. बाकीचे त्याच्या आजूबाजूला दहा मिनिटं उभे राहून पांगले, मी वही घेऊन संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे. त्याने पंप उघडून दाखवला. आत कार्बनच्या काळ्या पट्ट्या होत्या. फिरता फिरता त्या किंचित झिजतात आणि ती झीजच त्यांचं वंगण, म्हणून या पंपाला तेल लागत नाही. "एक बूंद भी नहीं," तो म्हणाला. "तेल गया तो पट्टी चिपकेगी, पंप गरम होगा, तेल जलेगा, और जला हुआ तेल सीधा आदमी के फेफड़े में." मी ते जसंच्या तसं हिंदीत लिहून घेतलं. हवा जिथून आत जाते तिथला फिल्टर कधी झटकायचा, कधी फेकायचा. दाबाचा काटा कुठे हवा. नळी किती लांब चालते. एका वेळी दोनच माणसं, तिसरं जोडायचं नाही. आणि हा पंप सगळीकडे चालत नाही. पंप बंद पडला तरी माणूस चार पावलांत चालत बाहेर येईल, अशाच जागी तो लावायचा. जिथे एक श्वास चुकला तर माणूस संपतो, तिथे पाठीवर सिलिंडर हवा. हे सांगताना तो माणूस पहिल्यांदा हसायचा थांबला होता.

पहिल्यांदा पंप मी एकटीने चालू केला तेव्हा काटा हळूहळू चढत हिरव्या पट्ट्यात येऊन थांबला, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, शेडमध्ये लोक होते.

आत रंग मारणारा माणूस दातिवऱ्याचा होता. पन्नाशीचा, काटक, सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणायचे. त्याने उभा जन्म गावातल्या होड्या रंगवल्या होत्या. मग होडी भावाकडे राहिली आणि मामा सफाळ्याला गाडी पकडून बोईसरला टाक्या रंगवायला येऊ लागला. तो मला बाय म्हणायचा. पहिल्या दिवशी त्याने हूड हातात धरून मला विचारलं, "बाय, ह्यातली हवा बरी हाय का?"

मी म्हटलं, "थांबा." हूड त्याच्या हातातून घेतला, स्वतःच्या डोक्यात घातला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसले. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याला खायला घालायचं ते आधी चाखून बघतोच की आपण. दहा मिनिटांनी हूड काढला आणि म्हटलं, "बरी आहे." तेव्हापासून ती रीतच पडली. मी चाखल्याशिवाय मामा आत जात नसे. लोक हसायचे. म्हणायचे, ताई हवा खातात. खाते, म्हटलं, तुमच्यासारखी हवेत गप्पा तरी मारत नाही.

वाऱ्याचं मला मामाने शिकवलं. पंप कुठे ठेवायचा हा मोठा प्रश्न होता, कारण तो जे ओढेल तेच आत जाणार. मी सकाळी चांगली जागा बघून ठेवायचे, थिनरच्या पिंपांपासून दूर, टेम्पोच्या रस्त्यापासून दूर. आणि तरी दुपारच्या आत ब्लोअरने टाकीबाहेर फेकलेला वास पंपाकडेच यायचा. मी चिडचिड करायचे, पंप ढकलत इकडून तिकडे. तीन दिवस मामाने मजा बघितली आणि मग म्हणाला, "सकाळचा वारा मतलई, जमिनीवरनं दर्याकडं. उनं चढली का खारा वारा येतो, दर्याकडनं आत. तू सकाळी एकदा ठेवतेस नि बसतेस. वारा बसतो काय?"

मी सोलापूरकडची. आमच्याकडे वारा म्हणजे वारा, त्याला ड्यूटी नसते. दुसऱ्या दिवशी मी एका काठीला रंगीत चिंधी बांधून आवारात रोवली. साडेदहाला चिंधी लोंबली, जरा वेळ मेल्यासारखी पडून राहिली आणि मग उलट्या बाजूला उडायला लागली. अगदी उलट्या. मी धावत जाऊन मामाला टाकीबाहेर बोलावलं, पंपाची ढकलगाडी आवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, नळी पुन्हा जोडली, हवा चाखली, मामाला आत पाठवलं. पुढे हे रोजचं झालं. मला वाटायचं, या अख्ख्या एमआयडीसीत वाऱ्याची वेळ ठाऊक असलेली मी एकटी.

आमच्या खुणाही ठरल्या होत्या. नळीला एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन झटके म्हणजे बाहेर या, किंवा मी बाहेर येतो. मी दर थोड्या वेळाने एक झटका द्यायचे, आतून एक उत्तर यायचं. त्याशिवाय कान होतेच. मामाच्या रंग फवारायच्या गनचा आवाज मला पाठ होता. एक लांब फवारा, थोडं थांबणं, परत लांब फवारा, होडीच्या अंगावरून ब्रश फिरवावा तसा संथ आणि न चुकणारा.

मग खंडेनवमी आली.

आमच्या शेडमध्ये खंडेनवमीला सणच असतो. त्या दिवशी काम नाही. सकाळपासून सगळ्या मशिनी धुवायच्या, पुसायच्या, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, क्रेन, अगदी हातोडेसुद्धा ओळीने मांडायचे. हळदकुंकू, झेंडूचे हार, आंब्याची पानं. टेम्पोचं तर लग्नच असतं. यंदा माझंही एक मशीन होतं, आणि मी काय काय केलं असेल. पंप कोरड्या फडक्याने असा पुसला की त्यात तोंड दिसावं. ढकलगाडीच्या चाकांना रंग दिला. पुढे रांगोळी काढली. बोईसरच्या बाजारातून दोन पदरी हार आणला, दुसऱ्या कोणत्याच मशिनीला दोन पदरी नव्हता. आणि पितळी धुपाटण्यात निखारे घालून त्यावर ऊद आणि धूप टाकून ते पंपाच्या अगदी पुढ्यात ठेवलं.

पूजा झाली की प्रत्येक मशीन क्षणभर चालू करायचं, हा आमच्याकडचा मुहूर्त. मी पंप चालू केला. आणि काय सांगू, धुपाचा तो सगळा जाड पांढरा धूर वळला आणि सरळ पंपात शिरला. एक रेघ बाहेर नाही. सगळे बघत राहिले. कोणीतरी म्हणालं, "ताई, तुमच्या पंपाने प्रसाद घेतला." मला इतका अभिमान वाटला की मी तो चांगला पाच मिनिटं चालू ठेवला आणि धुपाटण्यात आणखी धूप टाकला. मग पंप बंद करून मी पेढे वाटायला गेले.

मी पेढे वाटत होते तेव्हा आमचे फिटरकाका तेलाची बुधली घेऊन ओळीने फिरत होते. काका साताऱ्याकडचे, निवृत्तीला टेकलेले, देवभोळे आणि हाताचे खरे. खंडेनवमीला कोणतंही मशीन कोरडं ठेवायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप लावला. चिंधी दर्याकडे उडत होती. हार काढून ठेवला, काटा हिरव्यात आला, हूड डोक्यात घातला आणि घड्याळ लावलं. आत धुपाचा वास येत होता. मंद, गोड, देवघरातला. मला भरून आलं. मला वाटलं, वर्षभर पंप असाच नीट चालणार. फिल्टर उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, श्वासाच्या हवेला वास नसतो, कोणताही वास आला तर पंप वापरू नये. पण मी वास म्हटलं की थिनर, डिझेल, रबर, असलं काहीतरी शोधत होते. धूप माझ्या हिशेबी वासात धरलेलाच नव्हता. दहा मिनिटं झाल्यावर हूड मामाच्या हातात दिला आणि म्हटलं, "बरी आहे. आज तर फारच बरी."

मामाने हूड घातला, काचेआडून माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि आत गेला.

पाऊण तास झाला असेल. मी वारा फिरायची वाट बघत चिंधीवर डोळा ठेवून होते. आणि माझ्या लक्षात आलं की मी फवाऱ्याची वाट बघते आहे. लांब फवारा झाला, थांबला, आणि पुढचा येईना. मग आला, पण तोकडा. मग परत बराच वेळ काही नाही. मी नळीला एक झटका दिला. उत्तर आलं, पण माझ्या मोजून पाच श्वासांनी. मामा कधी एका श्वासावर जात नसे. मी पंपावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तो रोज कोमट असायचा, आज तवा झाला होता. पंपाचा आवाजही जड होता. मी वाकून तोंड पंपाजवळ नेलं, धुपाच्या खालून करपलेला वास आला. कढईत तेल विसरल्यावर येतो तो.

माझा हात बटणाकडे गेला. पंप बंद करावा, ही पहिली ऊर्मी. आणि कुठून सुचलं देव जाणे, हात तिथेच थांबला. ही हवा वाईट होती, पण ती बंद केली तर त्याच्या हूडमध्ये टाकीतली हवा शिरणार होती, ती त्याहून वाईट. आधी माणूस बाहेर, मग बटण. मी नळीला दोन झटके दिले. काही नाही. पुन्हा दोन, सगळा जोर लावून. आणि ओरडले, "मामा, बाहेर या." माझा आवाज शेडभर गेला, वेल्डिंग थांबलं, मालक ऑफिसातून बाहेर आले. मी दाराच्या कडेपर्यंत गेले. आत पाय टाकायचा नाही, हे मला बजावलेलं होतं, आणि तो एक पाय मागे ठेवण्याइतकं कठीण मी आयुष्यात काही केलं नाही.

आत गन खाली ठेवल्याचा आवाज आला. नीट ठेवली होती, पडली नव्हती. मग मामा दारात दिसला. भिंतीला हात लावत आला. मी त्याचा दंड धरून ओढला, टाकीपासून लांब नेला आणि हूड उपटून काढला. त्याचा चेहरा घामाने भिजलेला, डोळे तारवटलेले. "डोकं जड झाला," म्हणाला, आणि खाली बसला. मालकांनी एक शब्द न विचारता गाडी काढली आणि त्याला दवाखान्यात नेलं. तिथे त्याला ऑक्सिजन लावला. दुपारी फोन आला, बरा आहे, चहा मागतोय, घरी सोडतायत. मी शेडच्या मागे जाऊन रडून घेतलं.

मग परत येऊन सगळ्यांसमोर पंप उघडला. फिल्टर धुराने चिकट आणि पिवळा पडला होता. आत कार्बनच्या पट्ट्यांवर काळा लगदा, तेल आणि काजळी मिळून. फिटरकाका पुढे आले, वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चारच थेंब घातले व्हते," म्हणाले. "पूजेचं म्हणून." मला त्यांच्यावर खूप ओरडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तेल काकांनी घातलं असलं तरी त्यावर धुपाचं पांघरूण मी घातलं होतं आणि हवा बरी आहे हे मीच सांगितलं होतं. मालक दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, पंप कंपनीकडे जाईल, नव्या पट्ट्या, नवे फिल्टर, शिवाय हवेत विषारी वायू आला की वाजणारा अलार्म बसेल, तोवर आतलं काम बंद. मग म्हणाले, "आणि ताई, पंपावर तुम्हीच."

मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण मामाला अजून कोणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, मशीन बिघडलं आणि बायने वेळेवर बाहेर काढलं. दवाखान्यातून त्याने तसा निरोपही पाठवला होता, की बाय नसती तर. रविवारी मी एकटी दातिवऱ्याला गेले.

मामा अंगणात बसून होडीचं वल्हं घासत होता. मामीने चहा आणला. मी चहाला हात लावला नाही आणि एका दमात सगळं सांगितलं. धूप मी लावला, धूर मी ओढू दिला, सकाळी वास मला आला होता, आणि तरी मी तुम्हाला आत पाठवलं. वहीत लिहिलेलं असून पाठवलं. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला.

मामाने वल्हं खाली ठेवलं. मग म्हणाला, "वास मला पन आलता."

मी म्हटलं, "धुपाचा ना."

"धुपाचा पहिल्यांदा. मंग करपल्याचा. आत गेलो नि लगेच आला. मला कललं, काय तरी बरा नाय."

"मग बाहेर का नाही आलात? दोन झटके द्यायचे, एवढंच होतं."

तो ओशाळल्यासारखा हसला. "तू एवढी हौशीनं पूजा केलतीस. दोन पदरी हार. सकाळी किती खुश होतीस. आमी काय सांगनार, का तुझ्या पूजेच्या पंपाला वास मारतो? म्हटलं, एवढी टाकी हूं दे."

धुपाने नाही, तेलाने नाही, हा माणूस माझा आनंद मोडू नये म्हणून तिथे पाऊण तास करपलेली हवा ओढत उभा राहिला होता. मी सोलापूरची, माझ्या तोंडाला कुलूप क्वचित लागतं. पण त्या दिवशी माझ्या वाटचं बोलून घेतलं ते मामीने. तिने आधी त्याला झोडपलं, "तुला घरात मीठ कमी झाला तर गाव गोला करता येतो, नि तिथं तोंड शिवलं होतं?" मग माझ्याकडे वळली. "नि तू बाय, हारबीर काय घालायचा तो घाल. पन माझा मानूस तुला वाईट बोलंल, असं कर." मग तिने मला गार झालेला चहा बदलून दुसरा दिला आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिली.

पंप आठवड्याने परत आला. अलार्म लावलेला, आतून नवाकोरा. मी एकही फूल जवळ येऊ दिलं नाही. हूड घालून दहा मिनिटं बसले. काही नाही, कसलाच वास नाही, नुसती हवा. मामा हूड घालून आत गेला आणि दोन मिनिटांत नळीला दोन झटके आले. मी दाराशी धावले. तो बाहेर आला, हूड काढला आणि मोठ्याने, शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वास मारतो."

"कसला?"

"रबराचा. नळी नवी हाय."

मालक दारात घड्याळ बघत उभे होते. टाकी उद्या जायची होती. मी पंप बंद केला, नळी सोडली, जुनी स्वच्छ नळी तपासून जोडली, पुन्हा दहा मिनिटं हवा चाखली. मला हसू आवरत नव्हतं. त्या दिवशी मामा आणखी दोनदा बाहेर आला. एकदा काचेवर घाम आला म्हणून, एकदा नुसतं काहीतरी वाटलं म्हणून. दोन्ही वेळा मी पंप उघडून बघितला.